बँडेजवरची रेघ

माझी सगळी नोकरी महाड-पोलादपूर भागातल्या गाड्यांवर कंडक्टर म्हणून गेली. घाटाच्या वळणांत दांड्याला पाठ टेकून उभं राहायचं आणि 'तिकीट काढलंय' म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायचं. खोटं बोलणाऱ्याचे हात उगाच हलतात. रिटायर झालो तरी ही सवय सुटली नाही. बायको म्हणते, तुम्ही भाजीवालीकडेसुद्धा फुकट्या उतारूकडे बघावं तसं बघता. असेल.

डाव्या पायाची जखम नोकरीतच सुरू झाली. आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा वर. आधी तिथली कातडी तांबूस-काळी पडली आणि खाज सुटायला लागली. मग एकदा गाडीच्या पायरीची कड लागली. एवढंसं खरचटलं होतं, पण ते भरलं नाही. रजेवर घरी पडून राहिलो की जखम लहान व्हायची आणि पुन्हा ड्युटीवर गेलो की मोठी. शेवटी शेवटी ती तळहाताएवढी झाली होती. पट्टीतून पाणी यायचं, मोजा ओला व्हायचा. वास यायचा. उतारू काही बोलत नसत, नुसते खिडकीकडे सरकत. लग्नाकार्यात मी दाराजवळची खुर्ची धरायचो.

पोलादपुरातच एका जुन्या डॉक्टरांकडे मी पट्टी करून घेत असे. माणूस गोड. पाय स्टुलावर ठेवायचा, ते जखम धुणार, पिवळी पावडर टाकणार, पट्टी बांधणार आणि तोवर गाडीची, गावाची खबर विचारणार. साखर तपासली होती, ती ठीक होती. "उभ्यानं काम आहे तुमचं, वेळ लागणार," असं ते म्हणत. वर्षं गेली. त्यांच्यावर मला कधी संशय आला नाही. संशय आला तो महाडच्या सर्जनबाईंवर, आणि तो पहिल्याच भेटीत.

तिथे मला बायकोनं नेलं. सर्जनबाई आमच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. मी सवयीनं पाय वर ठेवायला स्टूल शोधत होतो, तर त्या म्हणाल्या, "काका, उभे राहा. पँट वर घ्या, मांडीपर्यंत." आणि स्वतः खाली उकिडव्या बसून माझी पोटरी, गुडघ्यामागची खाच, मांडी असं सगळं बोटांनी चाचपत राहिल्या. पायावर गांडुळं चिकटावीत तशा फुगलेल्या शिरा होत्या. त्या मला ठाऊक होत्या, आमच्या घरात पुष्कळांना आहेत. जखमेची पट्टी त्यांनी सगळ्यात शेवटी सोडली.

त्यांनी सांगितलं ते असं. पायातलं रक्त वर जायला शिरेत झडपा असतात, माझ्या त्या निकामी झाल्यात. वर गेलेलं रक्त पुन्हा खाली येतं आणि घोट्याशी तुंबून राहतं, म्हणून तिथली कातडी मरते. ते थांबवल्याशिवाय कुठलीही पावडर चालणार नाही. आधी मांडीतून त्या शिरेचं ऑपरेशन करायचं, मग जखम स्वच्छ झाली की मांडीचीच पातळ कातडी काढून तिथे बसवायची.

बाहेर येऊन मी बायकोला म्हटलं, दुखणं घोट्याला आणि ही बाई मांडी कापणार. शिवाय चांगल्या जागेची कातडी सोलून वाईट जागेला लावणार, म्हणजे एकाच्या दोन जखमा. बायको म्हणाली, "इतकी वर्षं एकच होती, काय भलं झालं?"

पायाचं डॉपलर केलं. पोटरी दाबली की मशीनमधून रक्त वर गेल्याचा सूं असा आवाज यायचा आणि सोडली की लांबलचक घुर्रर्र. तपासणारे म्हणाले, हे मागं येतंय ते रक्त. मी ऐकलं. पण आवाज मशीनमधून येत होता आणि मशीनचं मला काय कळतं? मी हो म्हटलं ते बायकोपुढे काही चालेना म्हणून.

ऑपरेशनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलं आणि कमरेखालचं शरीर नाहीसंच झालं. जागा मात्र होतो. मध्ये हिरवा पडदा. पलीकडून पत्र्याच्या ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचे आवाज येत होते. माझ्या मनात नको ते येऊ लागलं. मी म्हटलं, "मॅडम, पाय आहे ना?" कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी नर्सला सांगितलं, "दाखवा त्यांना." पडद्यावरून एक पाऊल वर आलं. नखं माझीच होती. अंगठ्याचं नख लहानपणी फुटलेलं, ते तसंच वाकडं. मग मी डोळे मिटले.

घरी सोडलं ते पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट बँडेज बांधून. एकावर एक थर. ते घरी सोडायचं नाही, आठवड्याला महाडला येऊन त्यांच्याकडेच बदलायचं, अशी ताकीद होती. खाटेच्या पायथ्याखाली विटा लावून पाय उंच ठेवायचा. बायको बाजारातल्या दुकानात ब्लाउज शिवते, तिला दुपारभर घरी बसणं शक्य नव्हतं. म्हणून कापडे गावाहून माझी थोरली बहीण आली.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. आई शेतावर असायची तेव्हा हिनंच मला कडेवर वागवलं. नवरा कधीच वारला, मुलगा मुंबईला, ती एकटी भातशेती बघते. त्या वर्षीचं भात झोडून झालं होतं, म्हणून तिला येता आलं. येताना पिशवीत तांदूळ, सुकट आणि कसल्या कसल्या पुरचुंड्या. दुपारी ती माझ्या खाटेशी बसून तांदूळ निवडायची. गोळ्यांनी माझा डोळा लागायचा.

पहिल्या आठवड्याला बँडेज सोडलं तेव्हा जखम लालबुंद, स्वच्छ दिसत होती. मॅडम खूश झाल्या. दुसऱ्या आठवड्याला शेवटचा थर सोडताना त्यांचा हात थांबला. जखमेत हिरवट-तपकिरी भुकटी भरलेली होती आणि आजूबाजूची कातडी सुजली होती.

"हे कुणी घातलं?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मॅडमनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि ती नजर मला ओळखीची होती. दोघांपैकी तिकीट कुणी काढलेलं नाही हे शोधताना मी असंच बघत असे. त्या रागावल्या नाहीत. खारट पाण्यानं जखम धूत राहिल्या आणि म्हणाल्या, असं असेल तर कातडी बसवता येणार नाही, बसवली तरी टिकणार नाही.

परतताना गाडीत बायको एक शब्द बोलली नाही. तिला वाटत होतं हे मीच केलं. सुरुवातीपासून माझा विश्वास नव्हता, म्हणून गुपचूप जुन्या डॉक्टरांचं काहीतरी आणून घातलं असणार. मला वाटत होतं, तिनं केलं. आठवड्यापूर्वी घरासमोरच्या रस्त्यावर जुन्या डॉक्टरांशी बोलताना मी तिला खिडकीतून पाहिलं होतं, आणि घरी आल्यावर ती त्याबद्दल काही बोलली नव्हती. महाडच्या खेपांनी ती दमली होती. लवकर बरं व्हावं म्हणून दोन्हीकडचं औषध चालू ठेवलं असेल. मी झोपलो की बँडेज सोडत असेल. संसाराला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसांत ती पाणी घेऊन आली तरी मी आधी तिचे हात बघायचो.

आक्का माझ्या मनातही आली नाही. ती तर उलट दोघांना समजावत होती.

मग मी एक केलं. बॉलपेननं बँडेजच्या कडेवर, दोन थर एकमेकांवर येतात तिथे, एक आडवी रेघ मारली. अर्धी खालच्या थरावर, अर्धी वरच्या. कुणी सोडून पुन्हा बांधलं तर रेघ जुळणार नाही. दोन दिवस ती तशीच राहिली. तिसऱ्या दुपारी जाग आली आणि बघतो तर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून बोटभर दूर. बायको दुकानातून जेवायला येऊन गेली होती. तिला विचारायचं धाडस होईना. विचारलं असतं आणि ती नाही म्हणाली असती, तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता हे मला माहीत होतं.

पुढच्या दुपारी मी गोळी गालात धरली आणि मोरीत थुंकून आलो. खाटेवर पडून डोळे मिटले, श्वास संथ केला. बायको जेवून गेली. दाराची कडी वाजली. थोड्या वेळानं पायाशी कुणीतरी बसलं.

बँडेज सुटायला लागलं. इतक्या हलक्या हातानं, की दवाखान्यातली नर्सही तसं सोडत नसे. मी पापण्यांच्या फटीतून बघितलं. आक्का. एकेक थर सोडून ती मांडीवर गुंडाळत होती, म्हणजे पुन्हा तसाच बांधता येईल. जखम उघडी झाल्यावर तिनं फुंकर घातली. मग पदराची गाठ सोडून पुरचुंडी काढली.

मी हळूच म्हटलं, "आक्का, काय घालतेस?"

मला वाटलं ती दचकेल. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "जागाच हायस? मग पाय जरा वर धर, सांडतंय."

मी पाय मागे घेतला. ती थोडा वेळ चिमूट तशीच धरून बसली. साल हाय, म्हणाली, झाडाची, बैलाच्या खांद्याला लावतो ती. त्यानं जखम सुकते. मी म्हटलं, तुझ्यामुळे मॅडम कातडी लावेनात, माझं नि बायकोचं बोलणं बंद झालं, आणि तू गप्प बसून बघतेस? ती म्हणाली, कातडी लावू नये म्हणूनच तर घालते.

मग तिनं सांगितलं. मला एवढंच माहीत होतं की बाबा मुंबईला तापानं गेले. मी तेव्हा फार लहान होतो. आक्का मात्र त्यांच्याबरोबर मुंबईला होती, स्वयंपाकाला आणि सोबतीला. त्यांच्या पायालाही अशीच जखम होती. हातभर मोठी, पार चिघळलेली.

"साफ करतो म्हणून सांगितलानी," ती म्हणाली. "मी भायेर बसलेली. चादरीखाली बघते तर एकच पाय. गुडघ्यापास्नं कापलानी. कोन काय बोलला नाय, मला नाय, बाबांना पन नाय. बाबा शुद्धीवर आले नि खाली हात लावून बघत राहिले. मग चार दिवसांत गेले."

"आईनं मला ताप सांगितलं."

"ताप पन आलेला."

हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पुरचुंडीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाली, ती बाई घोटा सोडून मांडीत कापते, तेव्हाच मी समजले. थोडं थोडं वर जाणार.

बायको संध्याकाळी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. रेघेचंही. ती म्हणाली, "ती रेघ मी दुसऱ्याच दिवशी बघितली होती. मला वाटलं, कुणाला पकडायला मारलीय? घरात तर मीच असते." आणि जुने डॉक्टर? त्यांनी रस्त्यात अडवून तब्येत विचारली होती, एवढंच. आत जाऊन तिनं भात लावला. त्या रात्री जेवताना ती आक्काशी बोलली, माझ्याशी नाही.

पुढच्या खेपेला आम्ही आक्काला महाडला घेऊन गेलो. मीच म्हटलं, तुला जे विचारायचं ते तिला विचार. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मॅडमच्या समोरच्या खुर्चीत न बसता उभी राहिली आणि तिनं आधी मॅडमना नीट बघून घेतलं.

"पाय नेनार काय त्याचा? खरं सांग बाय."

मॅडमनी हातातलं बाजूला ठेवलं. "आज तरी तसं काही नाही. कधी वेळ आलीच, तर आधी तुम्हाला सांगेन. यांना, वहिनींना आणि तुम्हाला. झोपवून, न सांगता नाही."

"आधी पन असंच बोललेले."

"कोण?"

आक्कानं बाबांची हकिगत सांगितली. मॅडमनी मध्ये तोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या की मुंबईच्या डॉक्टरांनी पाय का कापला ते मला इथून सांगता येणार नाही, कदाचित कापणं भाग असेल. पण न सांगता कापला हे चूक. मग त्यांनी आक्काला जवळ बोलावलं आणि जखमेची एक कड बोटानं दाखवली. खालच्या बाजूची कड जाड, उचललेली दिसत होती. मी ती कधी वेगळी अशी बघितली नव्हती.

"मला ही कड आवडत नाही," त्या म्हणाल्या. "जखम फार वर्षं उघडी राहिली तर कधी कधी तिथे कॅन्सर होतो. बहुतेक नसेल. पण मला संशय आहे, आणि संशय ठेवून मी कातडी बसवणार नाही. तुकडा काढून तपासायला पाठवते."

बायकोनं माझा खांदा धरला. आक्का मात्र पहिल्यांदाच खुर्चीत बसली. बाहेर आल्यावर ती बायकोला म्हणाली, "बरं हाय गो. हिचा पन विश्वास नाय." एवढं मोठं हॉस्पिटल बघूनही जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं झालं. बाईला संशय येतो, आणि आला की ती तोंडावर सांगते, हे तिला पटलं.

बसताना तिचं लुगडं जरा वर गेलं होतं आणि मॅडमची नजर तिच्या घोट्यावर गेली होती. तिथेही तीच तांबूस-काळी कातडी. तुम्हीही एकदा दाखवून घ्या, असं त्या म्हणाल्या. आक्कानं लुगडं खाली ओढलं. "माजं बघू नको. त्याचं बघ."

रिपोर्ट यायला वेळ लागला. ते दिवस मी फार वाईट काढले. आरशात बघायचो तर आपण वाळत चाललोय असं वाटायचं. फोन वाजला की आधी बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचो, तिला काही आधीच कळलंय का म्हणून. बायको मला म्हणायची, माझ्याकडे असं बघू नका, मलाही तेवढंच माहीत आहे. आक्कानं तिची पुरचुंडी स्वतःच्या हातानं परसात नेऊन टाकली, आणि मग दुपारी माझ्या पायाशी काही न करता नुसती बसू लागली. बँडेजला कुणी हात लावू नये म्हणून, असं म्हणायची.

रिपोर्ट चांगला आला. कॅन्सर नव्हता. मॅडमनी फोनवर सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. आक्का म्हणाली, "खोटं तर नाय सांगत? धीर द्यायला?" मग तिनंच मान हलवली. "नाय. ती नाय सांगायची."

जखम पुन्हा लाल आणि स्वच्छ झाली. मग कातडी बसवली. मांडीवरून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी काढली, तिला बारीक छेद देऊन जाळी केली आणि जखमेवर पसरली. घोटा हलू नये म्हणून प्लॅस्टर. मला वाटत होतं दुखेल ते घोट्याला. दुखली ती मांडी. आग आग व्हायची, चादरसुद्धा सोसवेना. मला पुन्हा वाटायला लागलं की आपल्याला नीट सांगितलं नव्हतं, काहीतरी चुकलंय. मॅडम म्हणाल्या, मी सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा माझ्याकडे संशयानं बघण्यात गुंतला होता. बायकोला हसू आवरेना. किती तरी दिवसांनी ती माझ्यासमोर हसली.

पाचसहा दिवसांनी घोट्याचं ड्रेसिंग उघडायचं होतं. त्या दिवशी कातडी धरली की नाही ते कळणार. आक्कानं सांगून ठेवलं होतं, मी समोर असणार. एरवी तिथे नातेवाइकांना उभं राहू देत नाहीत. मॅडमनी तिला मास्क दिला आणि पायाच्या बाजूला उभं केलं. मी छताकडे बघत होतो. गॉज ओलं करून, सुटं करून हळूहळू उचलत होते.

"आक्का?" मी म्हटलं.

"गप रे. बघतेय."

मग ती म्हणाली, "लाल हाय. चिकटलंय." आणि थोड्या वेळानं, "एका कोपऱ्याला नाय चिकटलं."

मॅडम म्हणाल्या, बरोबर, एक कोपरा गेला, पण बाकी सगळं धरलंय, कोपरा हळूहळू भरेल. मी मान उचलून बघितलं. घोट्याच्या वर गुलाबी जाळी होती, मासे पकडायच्या जाळ्यासारखी, आणि तिच्या खाली पाणी नव्हतं. वासही नव्हता. मी नाकानं श्वास घेऊन पुन्हा पुन्हा खात्री केली.

कोपरा भरायला पावसाळा उजाडला. आक्का त्याच्या आधीच भाताच्या रोपांसाठी राब भाजायला कापड्याला निघून गेली. स्वतःचा पाय तिनं अजून मॅडमना दाखवलेला नाही. मॅडमनी मला कायम घालायला दिलेत तसे शिरा दाबून धरणारे घट्ट मोजे मी तिला नेऊन दिले, ते तिनं नव्याचे नवे ट्रंकेत ठेवलेत. मी मात्र माझे मोजे सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी चढवतो आणि रोज रात्री काढल्यावर बायको बॅटरी धरते, मी पाय बघतो. एवढासा डाग दिसला तरी झोप येत नाही. मॅडम म्हणतात, हा संशय मात्र सोडू नका, ही जखम परत येऊ शकते.

भात कापायच्या वेळी मी कापड्याला गेलो. बांधावरून स्वतःच्या पायानं गेलो, सावकाश. आक्कानं विळा खाली ठेवला, मला दगडावर बसवलं आणि मोजा काढायला लावला. नवी कातडी आजूबाजूपेक्षा फिकी आणि गुळगुळीत आहे, जाळीचे चौकोन अजून पुसट दिसतात. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

"ही मांडीची ना? मग हिच्यावर केस येतील काय रे?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, एवढ्या पातळ कातडीवर येत नाहीत. मी आक्काला फोन करून तसं सांगितलं. ती बरं म्हणाली. पण अजूनही मी गेलो की ती पाय उन्हाकडे वळवून धरते आणि डोळे बारीक करून बघते.